एसी नेमका कधी कोमट होतो?

मागच्या एप्रिलात आईला घेऊन कोल्हापूरहून साताऱ्याला निघाले होते. तावडे हॉटेलपाशी हायवेला लागलो तेव्हा गाडीत छान गारवा होता. पेठनाका मागं पडला आणि आई म्हणाली, "काच खाली कर गं, घुसमटतंय." एसीच्या बटणावरचा दिवा लागलेला, वारा तेवढाच, पण जाळीतून येणारी हवा कोमट. आईला दमा आहे. एप्रिलच्या उन्हात, ट्रकांच्या धुरात काचा उघड्या टाकून जाणं तिला सोसत नाही. कराडला जेवायला तासभर थांबलो. परत गाडी सुरू केली तर एसी थंडगार, मघाशी काही झालंच नव्हतं असा.

पुढच्या दोन महिन्यांत मी तीन वेळा गॅस भरून घेतला. तिन्ही वेळा गॅरेजमधून निघताना हवा गार होती आणि तिन्ही वेळा पहिल्याच लांबच्या फेरीत तेच झालं. चौथ्या वेळी शेजाऱ्यांनी शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडं पाठवलं. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही.

"ताई, एसी कवा बंद पडतोय?"

"अधूनमधून."

"अधूनमधून म्हंजे कवा? उभ्या गाडीत का पळत्या? किती येळानं? वारा कमी येतोय, का वारा तेवढाच आणि नुसता गारवा जातोय?"

मला एकाचंही धड उत्तर देता येईना. "मग आठवडाभर लिवून आणा," ते म्हणाले. "आत्ता तुमचा एसी चालतोय. चालत्या एसीत मला काय घावणार?"

मी गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत क्वालिटी बघते. कास्टिंगमध्ये दोष आला की तो कुठल्या शिफ्टला आला, कुठल्या साच्यात आला, धातू किती तापलेला होता, हे आम्ही आधी मांडतो आणि मगच कारणाकडं वळतो. मिस्त्री तेच मागत होते. पूर्ण बंद पडलेल्या एसीचा बिघाड तपासून सापडतो. अधूनमधून बंद पडणाऱ्या एसीचा बिघाड त्याच्या वेळेवरून सापडतो, आणि ती वेळ गाडी चालवणाऱ्यालाच ठाऊक असते. गॅरेजवाल्याला ती दिसत नाही. ती कशी बघायची आणि तिच्यावरून काय ओळखायचं, ते इथं लिहिते आहे.

उष्णतेची मोट

एसी थंड हवा बनवतो असं आपण बोलून जातो. खरं तर तो गाडीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, विहिरीतलं पाणी मोटेनं वर आणून पाटात ओतावं तसा. इथं मोटेचं काम गॅस करतो.

द्रवाचा वायू होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. माठाच्या अंगाला झिरपलेलं पाणी वाळतं आणि आतलं पाणी गार होतं, ते याच नियमानं. मिसळीच्या हॉटेलात मोठ्या भट्टीला लावलेला सिलिंडर पाहिला असेल. त्याच्या खालच्या अंगाला दव धरतं, कधी पांढरा बर्फही दिसतो. आतला द्रव झपाट्यानं वायू होत असतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता पत्र्यातून खेचत असतो.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर १३४ए नावाचा गॅस असतो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनला घातक ठरलेला जुना आर १२ मागं पडला आणि त्याच्या जागी हा आला. काही नव्या गाड्यांत आता आर १२३४वायएफ असतो. आर १३४ए मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. त्याच्यावर दाब वाढवला की तो उकळायचं तापमानही वाढतं, प्रेशर कुकरमध्ये पाण्याचं होतं तसंच. सगळा एसी या एका गोष्टीवर उभा आहे.

डॅशबोर्डच्या आत एक जाळीदार नळ्यांचा ठोकळा असतो. पुस्तकात त्याला इव्हॅपोरेटर म्हणतात, गॅरेजमध्ये कूलिंग कॉइल. तिथं गॅसवरचा दाब कमी ठेवलेला असतो, म्हणून तो शून्याच्या आसपासच उकळतो आणि ब्लोअरनं, म्हणजे आतल्या पंख्यानं, फेकलेल्या हवेतली उष्णता घेतो. तिथून तो कॉम्प्रेसरकडं येतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, आणि सायकलचा पंप मारताना नळी तापते तसा तो गॅस चांगलाच तापतो. मग तो रेडिएटरच्या पुढं बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. बाहेर ३८ अंश असले तरी गॅस त्याहून गरम असतो, म्हणून उष्णता बाहेरच्या हवेत जाते आणि ५५-६० अंशांवर गॅसचा पुन्हा द्रव होतो. हा द्रव ड्रायरमधून जातो, तिथं त्यातला ओलावा टिपला जातो. पुढं एक्सपान्शन व्हॉल्व्हचं बारीक भोक. त्यातून पलीकडं गेला की दाब एकदम उतरतो, आणि मोट परत विहिरीत.

या फेऱ्याला रखवालदार आहेत. कॉम्प्रेसरची पुली इंजिनच्या पट्ट्यावर सतत फिरते, पण कॉम्प्रेसर फिरतो तो पुलीपुढची चकती विद्युतचुंबकानं ओढली गेली तरच. हा क्लच. एसी लावल्यावर 'टक्' असा आवाज येतो तो याचाच. कूलिंग कॉइल गोठायला आली की तिथला सेन्सर क्लच सोडवतो. गॅस फार कमी झाला किंवा दाब फार चढला तर प्रेशर स्विच सोडवतो. इंजिन जास्त तापलं किंवा त्याच्यावर फार जोर पडला तर इंजिनचा कॉम्प्युटर सोडवतो. म्हणजे कॉम्प्रेसर मधूनच बंद होणं हा प्रत्येक वेळी बिघाड नसतो, कधी तो रखवालदार आपलं काम करत असतो. कोणता रखवालदार, हेच शोधायचं.

(काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लच नसतो. चकती कायम फिरते आणि आतला व्हॉल्व्ह कॉम्प्रेसरचं काम कमीजास्त करतो. तुमची गाडी तशी असेल तर चकतीवरून काही ठरवू नका.)

गॅस काट्यावर मोजायचा असतो

एसी गार करेना की पहिलं वाक्य ठरलेलं: "ग्यास कमी झालाय, भरून घ्या." मला हे वाक्य आता खटकतं, कारण गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. रबरी होजमधून, सीलमधून अगदी किंचित झिरपतो, त्याला वर्षं लागतात. दोन महिन्यांत कमी झाला तर कुठंतरी गळती आहे, आणि ती न शोधता वर भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

आता त्यातली जास्त महत्त्वाची गोष्ट. गॅस किती आहे हे नुसत्या दाब दाखवणाऱ्या गेजवरून कळत नाही. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर आठवा. तो भरलेला असो की पाव उरलेला, शेगडीची ज्योत तशीच असते. आत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब ठरतो तो तापमानावर, द्रव किती आहे यावर नाही. म्हणून तर आपण सिलिंडर हलवून, उचलून बघतो. गाडीच्या एसीतही तसंच. इंजिन बंद असताना ३० अंश तापमानात आर १३४एचा दाब साधारण ९५-१०० पीएसआय (दाबाचं माप) दिसतो, मग आत २०० ग्रॅम असो की ४००. एसी चालू असताना गेजवर जे दिसतं तेही बाहेरचं ऊन, पंखा, इंजिनचा वेग यांनुसार बदलतं.

खरा हिशोब वजनाचा. छोट्या गाड्यांत साधारण ३५० ते ५०० ग्रॅम गॅस लागतो आणि नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. नीट पद्धत म्हणजे आहे तो गॅस मशिननं काढून घ्यायचा, तो किती निघाला ते मोजायचं, व्हॅक्यूम करायचा, म्हणजे आतली हवा पंपानं ओढून घ्यायची, आणि स्टिकरवरचा आकडा काट्यावर मोजून भरायचा. किती निघाला, हा आकडा सोन्यासारखा आहे. स्टिकरवर ४०० आणि निघाले ३८०, तर तुमचा बिघाड गॅसचा नाहीच.

जादा गॅसही कमी गॅसइतकाच वाईट. कंडेन्सरमध्ये द्रव तुंबतो, गॅसला थंड व्हायला जागा उरत नाही, दाब चढतो, गारवा घटतो आणि कॉम्प्रेसर, क्लच दोन्हींवर ताण येतो.

गॅस खरोखर कमी असेल तर त्याची वेगळी लय असते: क्लच दर काही सेकंदांनी 'टक्' लागतो, 'टक्' सुटतो. दाब उतरला की स्विच सोडवतो, दाब सावरला की परत लागतो. हवा गार न राहता नुसती सौम्य होते. होजच्या सांध्यावर किंवा कंडेन्सरवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर गळती तिथंच असण्याची शक्यता मोठी, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्यानं बघणं किंवा चमकणारा रंग घालून निळसर दिव्याखाली शोधणं, या दोन्ही चांगल्या पद्धती आहेत. बाटलीतलं 'लीक बंद करणारं' औषध मात्र घालू देऊ नका. ते आतच घट्ट होऊन व्हॉल्व्ह तुंबवू शकतं आणि पुढच्या गॅरेजचं मशिनही खराब करतं. स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरणारेही भेटतात. तो पेट घेणारा आहे आणि कूलिंग कॉइल आपल्या गुडघ्यांपुढं आहे, एवढं पुरे.

उभ्या गाडीत कोमट, पळत्या गाडीत गार

ही सगळ्यांत सोपी खूण आणि कोल्हापुरात सगळ्यांत जास्त भेटणारी. हायवेला छान गार, आणि दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबलं की दोन मिनिटांत कोमट. इथं मोट भरतेय, पण ओतायला पाट नाही. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सर गार करतो. थांबली की ते काम कंडेन्सरपाशी बसवलेल्या पंख्याचं, आणि पंखा फिरत नसेल किंवा कंडेन्सर कचऱ्यानं बुजला असेल तर दाब चढत जातो आणि शेवटी स्विच कॉम्प्रेसर सोडवतो.

गाडी उभी करून एसी लावा, बॉनेट उघडा आणि दुरून बघा. बहुतेक गाड्यांत एसी लागल्यावर थोड्याच वेळात पंखा सुरू व्हायला हवा. ओढणी, साडीचा पदर, मोकळे केस जवळ नेऊ नका. पंखा न सांगता सुरू होतो. पंखा नसेल फिरत तर फ्यूज, रिले (वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच), मोटर या क्रमानं बघायचं. एकाच जातीचे दोन रिले असतील तर हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी लावून बघता येतो, एका मिनिटाचं काम.

पंखा ठीक असेल तर कंडेन्सर बघा. गळीत हंगामात आपण रोज उसाच्या ट्रॉल्यांमागून जातो. पाचट उडतं, चिपाडाचा भुसा उडतो, फड पेटवला की काजळी येते, आणि हे सगळं समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर जाऊन बसतं. वरून पावसाळ्यातला चिखल. हंगाम संपल्यावर एकदा साध्या नळाच्या धारेनं, इंजिन गार असताना, कंडेन्सर धुऊन घ्यावा. सर्व्हिस सेंटरची जोराची धार जवळून मारली तर पत्र्याच्या पातळ पाकळ्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते.

मिस्त्रींची युक्ती: उभ्या गाडीत हवा कोमट झाली की कंडेन्सरवर तांब्याभर पाणी शिंपडायचं. लगेच गारवा परतला तर दोष उष्णता बाहेर टाकण्यातच आहे, गॅस भरायची गरज नाही.

वारा कमी होतो का गारवा?

लांबच्या प्रवासात अर्ध्या-पाऊण तासानं एसी जातो, अशी तक्रार करणाऱ्या दोघांच्या गाड्यांत अगदी वेगळे बिघाड असू शकतात. ते वेगळे करायला फक्त जाळीपुढं हात धरायचा.

वारा क्षीण झाला असेल, ब्लोअर गरगर फिरतोय पण हवा येतच नाही असं वाटत असेल, तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमलाय. माझ्या एका सहकारिणीची गाडी जुलैत रत्नागिरीला जाताना मलकापूरच्या पुढं अशीच करायची. एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला की पंधरा-वीस मिनिटांत बर्फ वितळायचा, गाडीखाली पाण्याची धार लागायची आणि वारा परत यायचा. कॉइल गोठण्याआधी क्लच सोडवणारा सेन्सर चुकीचं तापमान सांगत होता. स्वस्तातला सुटा भाग होता तो, पण त्याआधी तिला सगळी कूलिंग कॉइल बदलायचा सल्ला मिळाला होता. तुंबलेल्या केबिन फिल्टरमुळंही असं होतं, कारण हवा कमी गेली की कॉइल जास्तच गार पडते. तो फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो, हातानं निघतो, आणि आपल्या धुळीत वर्षातून एकदा तरी बदलावाच लागतो. म्हणून तो आधी काढून बघा.

पावसाळ्यात हा त्रास वाढतो, कारण हवेत पाणी भरपूर. एक लिटर वाफेचं पाणी करायला जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढ्या उष्णतेत साधारण सात लिटर नळाचं पाणी उकळीला येईल. एसीची बरीच ताकद त्यातच जाते. ते पाणी बाहेर नेणारी बारीक नळी चिखलानं बुजली तर डाव्या बाजूचं पायपुसणं भिजतं. गाडीखाली एसीचं पाणी ठिबकणं चांगलं लक्षण आहे, आत ठिबकणं वाईट.

वारा तेवढाच असेल आणि गारवाच गेला असेल, तर माझ्या गाडीचा आजार. मी आठवडाभर लिहिलं: किती वाजता, किती वेळानं, उभी का पळती, वारा कसा, बाहेर ऊन किती, परत कधी आला. चार ओळींतच चित्र दिसायला लागलं. गावातल्या छोट्या फेऱ्यांत एकदाही नाही. सलग ४० ते ५० मिनिटं एसी चालला की गारवा जायचा, वारा तसाच, आणि अर्धा-पाऊण तास बंद ठेवला की परत यायचा. म्हणूनच गॅरेजमध्ये तो कधी सापडत नव्हता.

वही बघून मिस्त्री म्हणाले, "चला, फिरवून आणू." कागलपर्यंत एसी लावून दोन फेऱ्या मारल्या. हवा कोमट झाल्या झाल्या त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि बॉनेट उघडलं. पुली फिरत होती, पुढची चकती थांबलेली. त्यांनी क्लचच्या वायरला टेस्टर लावला, वीज येत होती. हा क्षण मला फार मोलाचा वाटतो, कारण त्या एका टेस्टरनं निम्मी यादी खोडली. वीज येत नसती तर सेन्सर, प्रेशर स्विच, रिले, वायरिंग हे सगळं तपासायचं होतं. वीज येतेय आणि चकती चिकटत नाही, म्हणजे ते सगळे निर्दोष आणि दोष क्लचमध्येच.

पुली आणि चकती यांच्यात बारीक फट असते, बहुतेक कॉम्प्रेसरना ०.३ ते ०.६ मिलिमीटर. वर्षानुवर्षं घासून ती वाढते. क्लचची कॉइल तांब्याच्या तारेची, आणि तांबं तापलं की त्याचा विजेला होणारा रोध वाढतो: ८० अंशांनी तापलं तर सुमारे ३० टक्के. रोध वाढला की प्रवाह कमी, प्रवाह कमी की चुंबकाची ओढ कमी. इंजिन गार असताना चुंबक मोठी फटही ओलांडतो, तापल्यावर त्याला ते जमत नाही. माझ्या गाडीत फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट ०.९ भरली. त्यांनी चकती काढून मागची एक पातळ शिम, म्हणजे वॉशरसारखी चकती, कमी केली, फट ०.४५ वर आणली. मग गॅस काढून मोजला तर स्टिकरवर ४००, निघाले ५६०. तीन वेळा ओतलेला गॅस. त्यानं दाब चढून त्या थकलेल्या क्लचवर आणखी ताण पडत होता. म्हणजे ज्या औषधासाठी मी पैसे मोजले त्यानं आजार वाढत होता. याचा राग मला आजही येतो, कारण गॅस काट्यावर मोजणं हे काही अवघड काम नाही.

प्रत्येक क्लच असा दुरुस्त होत नाही. कॉइल जळत आली असेल किंवा पुलीचं बेअरिंग आवाज करत असेल तर तो भाग बदलावाच लागतो.

ठरावीक लयीत जाणं-येणं

एक बिघाड कमी भेटतो, पण ओळखता आला तर मोठा खर्च वाचतो. पंधरा मिनिटं गार, मग पाच-सात मिनिटं कोमट, मग आपोआप गार, वारा तेवढाच आणि चकती फिरतेच आहे. बहुतेक वेळा हे नळ्यांच्या आत शिरलेल्या पाण्याचं काम असतं. एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकापाशी तापमान शून्याखाली गेलं की त्या पाण्याचा बर्फ होतो आणि गॅसची वाट बंद. वाट बंद म्हणून गारवा बंद, गारवा बंद म्हणून बर्फ वितळतो, वाट उघडते, परत तेच. अशा वेळी कमी दाबाच्या गेजचा काटा शून्याच्याही खाली उतरतो.

पाणी आत शिरतं ते आधीच्या दुरुस्तीत. नळी उघडली, पावसाळी हवा आत गेली आणि व्हॅक्यूम पाच मिनिटांत उरकला. व्हॅक्यूम पंप नुसती हवा काढत नाही. दाब इतका उतरवतो की आतलं पाणी साध्या तापमानाला उकळून वाफ होऊन निघून जावं. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर असतो. २५ अंशांना पाणी उकळायला तो २४ मिलिमीटरच्या खाली न्यावा लागतो, आणि मग कोपऱ्याकोपऱ्यातलं पाणी उडून जायला वेळ द्यावा लागतो. अर्धा-पाऊण तास पंप चालला पाहिजे, आणि नळ्या उघडल्या असतील तर ड्रायर नवा घालावा. जुना ड्रायर भिजलेल्या टॉवेलसारखा असतो, आणखी टिपणार तरी काय?

जे बिघाड नाहीत

कोकणातून परत येताना करूळ किंवा आंबा घाटात एसी मंद झाला तर घाबरू नका. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की कॉम्प्युटर काही सेकंद कॉम्प्रेसर सोडतो, सगळी ताकद चाकांना मिळावी म्हणून. पण घाटात एसी जातोच आणि इंजिनच्या तापमानाचा काटाही चढतो, असं असेल तर एसी विसरा, आधी कूलंट, पंखा आणि रेडिएटर बघा.

दुपारभर रंकाळ्यावर उन्हात उभी केलेली गाडी दहा मिनिटांत गार होणार नाही. आधी काचा उघडून दोन मिनिटं चालवा, आतली तापलेली हवा जाऊ द्या, मग काचा लावून आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. ते बटण बाहेरच्या हवेवर राहिलं असेल तर एसी सतत ३८ अंशांची नवी हवा गार करत बसतो. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर तो ब्लोअरचा वेग कमी करणाऱ्या रेझिस्टरचा दोष, गॅसचा नाही. ड्रायव्हरकडं गार आणि पलीकडं कोमट असेल तर कमी गॅस किंवा आतली गरम-गार हवा मिसळणारी फळी, यातलं एक.

गॅरेजला जाताना

वहीशिवाय जाऊ नका. शक्य असेल तर स्वयंपाकघरातला काडीसारखा थर्मामीटर मधल्या जाळीत खोचून ठेवा. आतलीच हवा, ब्लोअर मध्यावर, गाडी पळती, दहा मिनिटं झालेली, आणि १२ अंशांच्या आत आकडा आला तर एसी चांगला आहे. "गार वाटत नाही" यापेक्षा "४५ मिनिटांनी ११ वरून २४ झाला" हे वाक्य मिस्त्रींना कितीतरी जास्त सांगतं. आणि बिघाड गाडी तापल्यावर येत असेल तर गाडी तापवूनच न्या.

गॅसचं काम निघालंच तर चार गोष्टी बिलावर लिहून मागा: किती ग्रॅम निघाला, किती भरला, व्हॅक्यूम किती वेळ धरला, गळती कुठं होती. चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी तर मला काट्याजवळ उभं केलं आणि आकडा मोठ्यानं वाचायला लावला. गॅस हवेत सोडून देणाऱ्याकडं मात्र परत जाऊ नका. आर १३४ए वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त घातक आहे, आणि मशिननं काढलेला गॅस साफ करून परत वापरता येतो.

नळ्या स्वतः उघडायच्या फंदात पडू नका. बाहेर उडणारा द्रव त्वचा गोठवतो, डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. बघणं, ऐकणं, हात धरून वारा तपासणं, फिल्टर काढणं, कंडेन्सर धुणं, रिले बदलून बघणं एवढं आपलं. पुढचं त्यांचं.

आणि थंडीत एसी चार महिने बंद ठेवू नका. कॉम्प्रेसरच्या दांड्यावरच्या सीलला तेल मिळतं ते गॅस फिरला तरच. सील वाळलं की मार्चमध्ये पहिल्यांदा बटण दाबल्यावर गळती सुरू होते. मी आता दर रविवारी आईला अंबाबाईच्या देवळाकडं नेताना दहा मिनिटं एसी लावते, डिसेंबरातही. ती शाल घट्ट लपेटून घेते आणि मी थर्मामीटरचा आकडा वहीत टिपते.